असू दे, पुढे!

कागद सहा पानांचा होता आणि धाकटीला त्यात एकच शब्द दिसत होता. अस्पष्ट.

विमानाच्या कॉकपिटमध्ये दोघं वैमानिक जे काही बोलतात ते टेपवर उतरतं. अपघात झाला, किंवा होता होता वाचला, की चौकशी मंडळ ती टेप ऐकून कागदावर उतरवून घेतं. कोण बोललं, किती वाजून किती सेकंदांनी बोललं, काय बोललं. या सहा पानांवर कॅप्टनचा शब्द न् शब्द होता. त्याचं खाकरणं होतं. एका जागी कंसात 'हसतात' असंही होतं, तेही आदरार्थी. आणि सहवैमानिक, म्हणजे आपली धाकटी, हिच्यापुढे चार ठिकाणी चार वेळा तेच. अस्पष्ट, अस्पष्ट, अस्पष्ट, अस्पष्ट.

अरे वा रे वा! त्याचा खोकला स्पष्ट, आणि हिचे शब्द अस्पष्ट!

शेवटच्या पानावर निष्कर्षाचा मसुदा होता. सहवैमानिकाच्या वाचादोषामुळे यादीतील उत्तर वेळेत मिळाले नाही. तसेच कॅप्टनचा आदेश नसताना सहवैमानिकाने इंजिनांची ताकद काढून घेतली. सहवैमानिकाचा परवाना चालू ठेवावा की नाही, हे सुनावणीनंतर ठरेल. सुनावणी आठ दिवसांनी होती. आठ वर्षं ती विमान उडवत होती, आणि आता तोतरी आहे म्हणून खाली उतरवणार होते.

तोतरी तर ती होतीच. तिने कधी लपवलं नव्हतं आणि लपण्यासारखंही ते नव्हतं. काही अक्षरं तिला सोडायची, काही धरून ठेवायची. 'च' तर जन्माचा वैरी. चहा मागायची पंचाईत, म्हणून बाई वीस वर्षं कॉफी पीत आली होती. पण विमानात तिचं अडत नव्हतं. रेडिओवरची वाक्यं ठरलेली असतात, तालात म्हणायची असतात. ती अंगठ्याने गुडघ्यावर ताल धरायची आणि म्हणून टाकायची. आठ वर्षांत टॉवरने तिला एकदाही 'पुन्हा सांगा' म्हटलं नव्हतं. दरवर्षी तपासणी व्हायची, दरवर्षी डॉक्टर शिक्का मारायचे. समोरच्याने दोन श्वास थांबायची तयारी ठेवली की तिचं सगळं सुरळीत चालायचं.

आणि मग तिच्या नशिबी काका आले.

काका म्हणजे तो कॅप्टन. सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणायची. पांढऱ्या मिशा, खिशात लिमलेटच्या गोळ्या, झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे वाढदिवस पाठ. देवमाणूस, असं सगळे म्हणत. धाकटीला सोबत घ्यायला दोन कॅप्टन कांकू करत होते, तेव्हा काकाच म्हणाले होते, "द्या तिला माझ्याकडे. मी घेतो सांभाळून."

आणि घेतलं की सांभाळून! पहिल्याच दिवशी प्रवाशांसाठीची घोषणा करायला तिने माइक उचलला, तर काकांनी तो अलगद काढून घेतला. "राहू दे बाळ. मी करतो." दुसऱ्या महिन्यात रेडिओ गेला. "राहू दे, मी बोलतो." तिने एकदा धीर करून सांगायला सुरुवात केली, "काका, माझं म... मी..." तर पाठीवर थाप मारून म्हणाले, "अगं, आभार कसले मानतेस!" आता बोला. माणूस दुष्ट असला तर त्याच्यावर चिडता तरी येतं. इथे तीही सोय नव्हती. अकरा महिने ती देवमाणसाशेजारी बसली आणि अकरा महिन्यांत तिची बोलायची सवयच मोडत आली.

शेवटी राहिली यादी.

विमान उडायच्या आधी एक यादी म्हणायची असते. त्या कंपनीत कॅप्टन एकेक गोष्ट विचारायचा, सहवैमानिकाने ती डोळ्यांनी बघायची आणि मग तोंडाने सांगायची. विचारणारा एक आणि सांगणारा दुसरा, हाच त्यातला सगळा अर्थ. एका माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवता आला असता तर दोघांना शेजारीशेजारी बसवलं कशाला असतं? पण काकांना तिच्या अडखळण्याची दया यायची. म्हणून ते विचारायचे, आणि तिने तोंड उघडलं की स्वतःच उत्तर देऊन मोकळे व्हायचे. "इंधन? पुरेसं. दारं? बंद. असू दे, पुढे." हे 'असू दे, पुढे' त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. तिने 'अ' म्हणायचा अवकाश, की असू दे, पुढे.

त्या दिवशी सकाळी विमानात एकसष्ट माणसं होती. धावपट्टीच्या तोंडाशी यादी सुरू झाली.

"फ्लॅप?" काका म्हणाले.

पंखांच्या मागच्या कडेला जे पत्रे थोडे खाली उतरवावे लागतात ते फ्लॅप. ते उतरले नाहीत तर विमान वर उठायला तयार होत नाही आणि धावपट्टी संपून जाते. फ्लॅपचा दांडा दोघांच्या मधे असतो आणि काटा समोर. दांडा आपल्या हातातला, तो कुठेही ठेवता येतो. फ्लॅप खरंच उतरले की नाही ते काटा सांगतो. धाकटीने दांडा वेळेवर खाली ओढला होता. आता काट्याकडे बघितलं, तर काटा शून्यावर. कुठेतरी मोटर अडकली होती.

"न... न... न..." धाकटी म्हणाली.

"सेट," काका म्हणाले. "असू दे, पुढे."

"का... का... काट..."

"हो हो. पुढे."

तेवढ्यात टॉवरने परवानगी दिली आणि काका टॉवरशी बोलायला लागले. "थ... थांब..." ती म्हणाली, तर त्यांनी बोलता बोलता तिच्या हातावर थोपटलं. बरोबर. थोपटलं. विमान धावायला लागलं आणि धोक्याचा भोंगा वाजला. तो भोंगा पंधरा दिवस उगाचच वाजत होता, म्हणून काका म्हणाले, "वाजू दे मेल्याला." धाकटीने भोंग्याच्या वर ओरडून "थांबा" म्हटलं, अख्खं, एका दमात. कुणी थांबेना. तेव्हा तिने इंजिनांचे दांडे मागे खेचले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबले. हात काही तोतरे नव्हते. दोन टायर फुटले. पट्टा सोडून बसलेल्या एका प्रवाशाचं नाक फुटलं. विमान कुंपणाच्या अलीकडे थांबलं, आणि कुंपणापलीकडे गोदामं होती, आत माणसं काम करत होती.

ही एवढी मिनिटभराची गोष्ट. आणि कागदावर काय? फ्लॅप? अस्पष्ट. सेट, असू दे, पुढे. वाचणाऱ्याला वाटावं, हिनेच काहीतरी पुटपुटून 'सेट' सांगितलं आणि बिचाऱ्या काकांनी ते नीट म्हणून दाखवलं.

सुनावणीच्या चार दिवस आधी काका घरी आले. हातात बिस्किटांचा डबा, बगलेत पाकीट. धाकटी थोरल्या बहिणीबरोबर राहायची. थोरली एका शाळेची मुख्याध्यापिका होती. बोलणं हाच तिचा धंदा, आणि घरी आली तरी दुकान उघडंच.

"मी वरच्यांशी बोललोय," काका खुर्चीत टेकत म्हणाले. "प्रकरण घरातल्या घरात मिटेल. बाळ, तू फक्त एवढं लिहून द्यायचं, की बोलण्याच्या अडचणीमुळे मला उत्तर देता आलं नाही, आणि मी स्वखुशीने उड्डाण सोडते. तुला वेळापत्रक विभागात टेबल देतायत. खिडकीजवळचं. तिथून धावपट्टी दिसते."

धाकटीच्या डोक्यात सणक गेली. धावपट्टी दिसते म्हणे! वाघाला पिंजऱ्यात घालायचं आणि वर सांगायचं, इथून जंगल छान दिसतं. तिने तोंड उघडलं, पण ओठ जागच्या जागी धरले गेले.

"आम्ही विचार करून कळवतो," थोरली म्हणाली.

"शहाणी आहेस," काका थोरलीला म्हणाले. "तूच समजाव. तुझं ऐकते ती." आणि पाकिटातून तसा लिहून आणलेला मसुदा काढून टेबलावर ठेवून, जाताना धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. चौतीस वर्षांच्या बाईच्या डोक्यावर.

थोरलीने ओट्याशी जाऊन स्वतःसाठी चहा केला, धाकटीसाठी कॉफी केली आणि कप तिच्यापुढे ठेवून सुरुवात केली. "हे बघ, सही बिही काही करायची नाही. सुनावणीला मी येते. सोबतच्या माणसाला बोलता येतं, मी विचारून घेतलंय. तू फक्त बस. एकेकाला असं सुनावते की सात पिढ्या..."

धाकटी उठली आणि कपातली कॉफी तिने मोरीत ओतली.

"अगं!"

"मला च... च..." वाक्य अडलं. थोरलीचे ओठ हलले. लगेच, सवयीने.

"ब-बोलू नकोस!" धाकटी ओरडली. "मला च... च... चहा आवडतो!"

थोरली बघतच राहिली. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू व-विचारलंस कधी? तूच सांगतेस. द-दुकानात तू, डॉक्टरकडे तू. शाळेत माझी हजेरीसुद्धा तू द्यायला आलीस वर्ग सोडून."

"पोरं हसायची तुला! मी नाही बोलायचं तर कुणी..."

"रडारवाला," धाकटी म्हणाली.

रडारवाला म्हणजे विमानतळावरचा एक तंत्रज्ञ. लांब हातांचा, संथ. धाकटी बोलत असताना तो शांतपणे उभा राहायचा, जसं काही त्याला कुठे जायचंच नाही. सहा वर्षांपूर्वी त्याची बदली झाली तेव्हा त्याने घरी फोन करून तिला विचारलं होतं, येतेस का माझ्याबरोबर. धाकटी फोन धरून 'ह... ह...' करत उभी राहिली, घामाघूम झाली. थोरलीला ते बघवेना. तिने हातातून फोन घेतला आणि सांगितलं, ती नाही म्हणतेय, तिला सांगवत नाहीये, समजून घ्या.

"मला ह... हो म्हणायचं होतं," धाकटी म्हणाली.

थोरली भिंतीला टेकली. तोंडावर पदर घेऊन रडणाऱ्यातली ती बाई नव्हती, पण हातातला चमचा कुठे ठेवावा हे तिला कळेना. "मग तू त्यानंतर... मी फोन ठेवल्यावर... तू काहीच कशी नाही गं बोललीस?"

"तू म्हणालीस, सुटलीस बघ. आणि पंखा लावलास."

मग थोरलीने काकांचा मसुदा उचलून चार तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. "मी येते सुनावणीला," ती म्हणाली. "पण तोंडाला कुलूप. तुझ्या गळ्याची शपथ, ओठ हलले तर तिथल्या तिथे उठवून लाव मला."

सुनावणीच्या दिवशी तिने थर्मास भरून चहा घेतला. वाटेत दोनदा विचारलं, साखर कमी झाली नाही ना. मोठ्या माणसांची माफी ही अशी लहान भांड्यांतून येते, आणि धाकटीचा राग अजून तेवढ्यावर भागणारा नव्हता. पण चहा चांगला होता. ती दोन कप प्यायली.

खोली तळमजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर सेकंदाचा काटा टकटक करणारं घड्याळ. टेबलामागे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त बडे अधिकारी, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सदस्य, मान डोलवण्यापुरते. कोपऱ्यात टायपिस्ट बाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. काका पहिल्या रांगेत. त्यांनी धाकटीकडे बघून डोळ्यांनीच धीर दिला. तिने मान फिरवली.

"सावकाश बोला," अध्यक्ष म्हणाले. "आम्हाला काही घाई नाही." आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. "तुमच्या वतीने बहिणीने बोललं तरी चालेल."

"नाही," धाकटी म्हणाली. तो शब्द कसा सुटसुटीत आला. त्या दिवशी कुठे गेला होता मेला!

"ठीक. तर प्रश्न असा. कॅप्टनने 'फ्लॅप' म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही काट्याकडे बघितलंत का?"

एवढाच प्रश्न. सगळा परवाना त्यावर टांगलेला. बघितलं नसेल तर चूक तिची, आणि बघितलं असेल तर पुढचं सगळं काकांचं. तिने अंगठ्याने गुडघ्यावर ताल धरला.

"मी ब... ब... ब..."

घड्याळाचा काटा टकटक करत होता. एक सदस्य पेनाचं टोपण काढघाल करायला लागला. मागे थोरलीने पर्स पोटाशी आवळली आणि ओठ असे मिटले की पांढरे पडले.

"ब... ब..."

"बघितलं नाही," अध्यक्ष हळुवार आवाजात म्हणाले. "हरकत नाही. गडबडीत होतं माणसाचं असं. लिहा बाई. पुढचा प्रश्न."

टायपिस्ट बाईंची बोटं खडखड चालली आणि थांबली. अध्यक्षांनी पान उलटलं. काकांनी समजूतदारपणे मान हलवली. कुणाला काही झाल्यासारखं वाटलंच नव्हतं! एका बाईची आठ वर्षं भरल्या खोलीत, दिवसाढवळ्या, मऊ आवाजात खड्ड्यात घातली होती आणि पाण्याच्या जगालासुद्धा धक्का लागला नव्हता.

धाकटी उठली. टेबलाला वळसा घालून कोपऱ्यात गेली आणि टायपिस्ट बाईंच्या शेजारी उभी राहिली.

"व-वाचा," ती म्हणाली.

बाईंनी अध्यक्षांकडे बघितलं. "जबाब शेवटी वाचून दाखवतात," अध्यक्ष म्हणाले. "बसून घ्या तुम्ही."

"आत्ता."

तिच्या आवाजात असं काही होतं की टायपिस्ट बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "प्रश्न, तुम्ही काट्याकडे बघितलंत का. उत्तर, मी काट्याकडे बघितलं नाही."

"हे मी म... म्हणाले?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "नाही," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणाले."

"आणि क-कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

टोपणवाल्या सदस्याचा हात हवेतच राहिला. अध्यक्षांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला. "माझा हेतू केवळ तुम्हाला मदत..." ते म्हणाले आणि स्वतःच थांबले. काही झालं तरी माणूस अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलेला होता, आणि आपण काय केलं ते त्याला दिसलं. तीच यादी, तोच अर्धा शब्द, तेच दयाळू तोंड. ती मिनिटभराची गोष्ट त्याने टेबलावर पुन्हा करून दाखवली होती, साक्षीदारांसकट.

"ते वाक्य खोडा," अध्यक्ष बाईंना म्हणाले. मग धाकटीकडे वळले. "बोला. कुणी मधे बोलणार नाही."

धाकटी जागेवर परत गेली नाही. तिथेच कोपऱ्यात उभी राहून तिने सांगितलं. "मी ब... ब... बघितलं. काटा श... शून्यावर होता. मी नाही म्हणत होते. मग काटा म्हणत होते. मग थांबा. मग पुन्हा थ... थांबा." मधे 'शून्य' अडला, मधे श्वास संपला, मधे नुसतीच शांतता. टायपिस्ट बाईंनी बोटं कळांवर तरंगती ठेवली होती आणि शब्द पुरा झाल्याशिवाय एक कळ दाबली नाही. सगळं मिळून भिंतीवरच्या घड्याळात एक्केचाळीस सेकंद झाले. छत कोसळलं नाही.

"आता टेप," धाकटी म्हणाली. "क-कागद नको."

टेप लावली. आधी इंजिनांची घरघर, मग काकांचा आवाज, "फ्लॅप?" आणि मग तिचा, न, न, न. इतका स्वच्छ, की मागे बसलेल्या शिपायानेही मान वर केली. "सेट. असू दे, पुढे." काटा. "हो हो. पुढे." थांबा. आणि भोंग्याच्या वर चढलेलं ते अख्खं 'थांबा', ज्याला बहिऱ्यानेही दाद दिली असती.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "अस्पष्टच्या जागी काय लिहायचं?"

"साहेब, यात अस्पष्ट काय आहे?" टायपिस्ट बाई म्हणाल्या. कागद त्यांनीच टाइप केला होता, आणि त्यांची मान खाली गेली. "मी पुरतं ऐकलं नव्हतं. ती अडखळली की मी कंस टाकून पुढे जात होते. शेवटचा तर नुसत्या सवयीने टाकला."

मग अध्यक्ष काकांकडे वळले. "तुम्ही स्वतः काटा बघितलात का?"

"मी... म्हणजे कसं आहे..." काका उठून उभे राहिले. "दांडा खाली होता. आणि... म्हणजे ती... मला वाटलं की ती... म्हणजे नेहमी..." त्यांना शब्द सापडेना. पांढऱ्या मिशा थरथरल्या. आणि खोली थांबली. अध्यक्ष थांबले, सदस्य थांबले. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी त्यांचं वाक्य त्यांच्या वतीने पुरं करून दिलं नाही. देवमाणूस अडखळला तर त्याला हवा तेवढा वेळ! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे थांबता येत होतं यांना. येत होतंच की!

"नाही," काका शेवटी म्हणाले. "काटा नाही बघितला."

अध्यक्षांनी दोन्ही सदस्यांच्या कानाशी लागून काही ठरवलं आणि बाईंना सांगितलं, "वाचादोषाचं कलम काढा. सहवैमानिकाचा परवाना कायम. दांडे मागे ओढले नसते तर आज इथे सुनावणी नसती, शोकसभा असती, हेही लिहा, बऱ्या भाषेत. आणि यादीचं उत्तर ज्याला विचारलं त्यानेच द्यायचं, दुसऱ्याने दिलं तर ते उत्तर धरू नये, असा नियम कंपनीला कळवा." हे सगळं त्यांनी कागदाकडे बघत सांगितलं. माफ करा, हा शब्द त्या खोलीत कुणाच्याच जिभेवर आला नाही, आणि जिभा तर सगळ्यांच्या धडधाकट होत्या.

बाहेरच्या बोळात थोरली थर्मास छातीशी धरून उभी होती. तिने कुलूप खरोखरच पाळलं होतं. खालच्या ओठावर दातांचे व्रण उमटले होते. धाकटीने ते बघितले आणि तिच्या हातातून थर्मास घेतला.

तेवढ्यात मागून काका आले. डोळे भरलेले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी देवमाणसाखेरीज काही म्हटलं नव्हतं आणि आज चारचौघांत उघडं पडावं लागलं होतं. त्यांनी धाकटीचा हात दोन्ही हातांत घेतला. बोळात लोक होते, टायपिस्ट बाई होत्या, शिपाई होता.

"बाळ," काका म्हणाले, "तुला राग आलाय, येणारच. पण एवढं लक्षात ठेव, माझं खरंच..." आणि आवंढा गिळायला थांबले.

"च..." धाकटी म्हणाली.

काका बघायला लागले. ती काय म्हणणार हे त्यांना कळेना, म्हणून जन्मात पहिल्यांदा ते थांबले.

"च... च... चु..." जन्माचा वैरी. तिने त्याला सोडला नाही. बदलून दुसरा शब्द घेतला नाही. बोळातली सगळी माणसं उभी होती, आणि तिला हवा तेवढा वेळ तिने घेतला. "चुकलं."

"अगं, नाही नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं. मी म्हणत होतो, माझं खरंच तुझ्यावर..."

धाकटीने आपला हात सोडवून घेतला आणि त्यांच्या हातावर थोपटलं.

"असू दे," ती म्हणाली. "पुढे."